डेंग्यू ज्वर : पुणे शहरातील प्रसार व निदान

एडीस प्रजातीच्या डासांच्या माद्यांमार्फत पसरणाऱ्या व विषाणूंमुळे होणाऱ्या तीव्र ज्वरास डेंग्यू ज्वर म्हणतात. अकस्मात चढणारा ताप, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांच्या मागील बाजूस होणाऱ्या वेदना, स्नायू व सांधे यांतील ठणका आणि अंगावर उठणारा पुरळ ही त्याची प्रमुख लक्षणे होत. वेदनांच्या तीव्रतेमुळे त्याला ‘हाडमोडी ताप’ असेही म्हणतात. उष्ण व उपोष्ण कटिबंधांतील शहरी वस्तीत हा रोग विशेष आढळतो. पुणे शहरात तो प्रदेशनिष्ठ (एखाद्या प्रदेशात सतत टिकून राहणारा) झाला असून पावसाळ्यात व पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत रुग्णांची संख्या वाढते. या शहरातील संसर्गाचा खरा विस्तार रुग्णनोंदींवरून लक्षात येत नाही. तो रक्तातील प्रतिपिंडांच्या (बाह्य पदार्थाला विरोध करण्यासाठी शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांच्या) पाहणीनंतरच स्पष्ट झाला. म्हणून प्रसार व निदान या दोन बाबींचा विचार येथे एकत्रितपणे करावा लागतो.

इतिहास : अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १७८० मध्ये आलेल्या अशाच ज्वराच्या साथीचे वर्णन बेंजामिन रश यांनी केले होते. रोगाचा प्रसार एडीस डासांमुळे होतो, याचा पुरावा १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियात टॉमस बँक्रॉफ्ट यांनी मांडला. पुढील वर्षी पर्सी अ‍ॅशबर्न व चार्ल्स क्रेग यांनी रोगकारक घटक सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार जातो, असे दाखवून दिले. विषाणू प्रत्यक्ष अलग करण्यात १९४३ मध्ये जपानमध्ये यश आले आणि त्यानंतर अल्बर्ट सेबिन यांनी दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या रक्तापासून पहिले दोन प्रकार ओळखले. तिसरा व चौथा प्रकार १९५६ मध्ये फिलिपीन्समध्ये सापडले.

भारतात रक्तस्रावी डेंग्यूची पहिली मोठी साथ १९६३-६४ मध्ये कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे आली. दिल्लीत १९९६ मध्ये आलेल्या साथीत दहा हजारांहून अधिक रुग्ण व ४२३ मृत्यू नोंदले गेले. डेंग्यू हा केवळ महानगरांचा रोग नव्हे, हे महाराष्ट्रात परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील साथीने दिसून आले. तिचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुणे येथे १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे करण्यात आले. डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हा या संस्थेच्या कार्याचा आरंभापासूनचा भाग आहे. याच केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी एडीस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून प्रयोगशाळेत अखंड वाढविता येणारी कोशिका-परंपरा तयार केली (१९६७). तिच्यापासून जपानी शास्त्रज्ञ अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये ‘सी६/३६’ ही उपपरंपरा वेगळी केली. डेंग्यूचे विषाणू वाढविण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत ती वापरली जाते.

कारक विषाणू : डेंग्यूचा विषाणू फ्लॅव्हिव्हायरस गटातील असून पीतज्वर, जपानी मस्तिष्कशोथ व झिका यांचे विषाणू त्याचे निकटचे नातलग आहेत. त्याचे चार प्रकार असून त्यांना डेंग्यू–१ ते डेंग्यू–४ असे क्रमांक दिलेले आहेत. एका प्रकाराच्या संसर्गानंतर त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकालीन प्रतिरक्षा (रोगप्रतिकारशक्ती) निर्माण होते; परंतु इतर प्रकारांपासून मिळणारे संरक्षण काही महिनेच टिकते. त्यामुळे एका व्यक्तीला आयुष्यात चार वेळाही डेंग्यूचा संसर्ग होऊ शकतो.

दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग पहिल्यापेक्षा गंभीर होण्याचा संभव अधिक असतो. पहिल्या संसर्गाने निर्माण झालेले प्रतिपिंड नव्या विषाणूस चिकटतात, पण त्यास निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट, त्यांच्यामुळे विषाणूला काही श्वेत कोशिकांमध्ये शिरणे सुलभ होते. मातेकडून असे प्रतिपिंड मिळालेल्या सहा ते नऊ महिन्यांच्या अर्भकांत पहिलाच संसर्ग गंभीर होऊ शकतो, तो याच कारणाने.

पुण्यात १९८० च्या सुमारापासून न आढळलेला डेंग्यू–४ हा प्रकार सु. तीस वर्षांनी पुन्हा सापडल्याचा अहवाल राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या दोन रुग्णांत तो आढळला, त्या दोघांचाही आजार गंभीर स्वरूपाचा होता. दीर्घकाळ अनुपस्थित असलेला प्रकार परत आल्यास त्याविरुद्ध प्रतिरक्षा नसलेले, परंतु अन्य प्रकारांचा संसर्ग होऊन गेलेले अनेक लोक त्याच्या आटोक्यात येतात. यासाठी शहरात कोणत्या वर्षी कोणता प्रकार फिरतो आहे, यावर लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.

रोगवाहक डास : एडीस ईजिप्ती हा प्रमुख व एडीस अल्बोपिक्टस हा दुय्यम रोगवाहक होय. काळ्या शरीरावर व पायांवर पांढरे पट्टे असल्यामुळे हे डास सहज ओळखता येतात. ते दिवसा चावतात व त्यांचा उपद्रव सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी अधिक असतो. मादी साधारणपणे शंभर-दोनशे मीटरांपेक्षा दूर उडत नाही. म्हणून रुग्णाच्या घरात व आसपासच्या घरांतच डासांचे उत्पत्तिस्थान सापडण्याचा संभव अधिक असतो.

मुठा नदीचे गढूळ पात्र वा उघडी गटारे ही या डासाची मुख्य उत्पत्तिस्थाने नव्हेत. त्याला साठविलेले, तुलनेने स्वच्छ पाणी लागते. घरातील पिंपे, रांजण व हौद, कुंड्यांखालील बशा, वातशीतक, प्रशीतकामागील पाण्याचा ट्रे, गच्चीवरील उघड्या टाक्या, टाकून दिलेले टायर व डबे, नारळाच्या करवंट्या, तसेच बांधकामांवरील पाण्याची टाकी व उद्वाहकाचा खड्डा येथे त्याच्या अळ्या आढळतात. जेथे नळाचे पाणी ठराविक वेळीच येते, तेथे ते साठविणे कुटुंबास भागच असते. अशा वस्त्यांत डासांची उत्पत्ती हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न राहत नाही, तो पाणीपुरवठ्याचाही प्रश्न होतो.

अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या आतील ओलसर बाजूस घातली जातात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात व पाणी लागताच फुटतात. अनुकूल तापमानात अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस लागतात. रुग्णाचे रक्त शोषल्यानंतर डासाच्या शरीरात विषाणूंची वाढ होण्यास सु. आठ ते बारा दिवस लागतात; त्यानंतर ती मादी मरेपर्यंत संसर्ग पसरवू शकते.

पुण्यातील प्रसार : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे पुण्यात पाऊस मध्यम असतो व अनेकदा सरींच्या स्वरूपात पडतो. अशा पावसाने लहान-मोठी भांडी पुनःपुन्हा भरतात, पण धुऊन निघत नाहीत. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी शहरातील डेंग्यूमृत्यूंचा हवामानाशी असलेला संबंध अभ्यासून २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी तापमान २७° से. पेक्षा अधिक, सापेक्ष आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पावसाळाभर विभागलेला मध्यम पाऊस ही परिस्थिती रोगास पोषक ठरते, असे त्यांना आढळले. याउलट, आठवड्यात १५० मिमी. पेक्षा अधिक पाऊस झाल्यास अंडी व अळ्या वाहून जाऊन रोग कमी होतो. अशा माहितीवरून सु. दोन महिने अगोदर धोक्याची सूचना देणे शक्य आहे, असेही त्यांनी दाखविले. म्हणजेच, एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो कसा पडला, ही बाब अधिक महत्त्वाची ठरते.

संसर्गाच्या व्याप्तीचा अंदाज घेण्यासाठी पुणे शहरात ४ मे ते २७ जून २०१७ या काळात १,४३४ व्यक्तींच्या रक्ताची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहणीतील ८१ टक्के व्यक्तींना केव्हा ना केव्हा डेंग्यूचा संसर्ग होऊन गेला होता. हे प्रमाण ३६ महिन्यांखालील बालकांत २१.६ टक्के, १० ते १२ वर्षांच्या मुलांत ५९.४ टक्के आणि ७० वर्षांवरील व्यक्तींत १०० टक्के होते. वयाबरोबर अशी सलग वाढ दिसणे हे एखाद्या साथीचे लक्षण नसून, रोग शहरात वर्षानुवर्षे टिकून असल्याचे द्योतक आहे. निवडक १२० नमुन्यांपैकी ६९ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत चारही प्रकारांस निष्प्रभ करणारे प्रतिपिंड आढळले. एका प्रकाराचे प्रतिपिंड दुसऱ्या प्रकाराशी काही अंशी प्रतिक्रिया करीत असल्यामुळे या आकड्याचा अर्थ सावधपणे लावावा लागतो.

या माहितीवरून पुण्यात वर्षाला तीन लाखांहून अधिक संसर्ग व सु. ४७,००० ते ५९,००० लक्षणयुक्त रुग्ण होत असावेत, असा अंदाज पाहणी करणाऱ्यांनी केला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. ३१ लाख होती, हे ध्यानात घेतल्यास या अंदाजाचे महत्त्व कळते. देशातील १५ राज्यांत २०१७-१८ मध्ये झालेल्या पाहणीत ५ ते ४५ वर्षे वयाच्या ४८.७ टक्के लोकांत डेंग्यूचे प्रतिपिंड आढळले होते.

खातरजमा होऊन नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या या अंदाजाच्या मानाने फारच लहान असते. बहुसंख्य संसर्ग लक्षणांविना अथवा अगदी सौम्य तापाने निभावतात. अनेक रुग्ण घरीच बरे होतात. काहींची चाचणी अयोग्य दिवशी होते, तर काहींची राष्ट्रीय कार्यक्रमात ग्राह्य नसलेल्या पद्धतीने होते. लक्षणे नसलेल्या संसर्गित माणसापासूनही डासाला विषाणू मिळू शकतो. म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या घरांभोवतीच केलेले उपाय अपुरे पडतात.

लक्षणे व अवस्था : डास चावल्यापासून साधारणतः चार ते दहा दिवसांत लक्षणे दिसू लागतात. रोगाच्या तीन अवस्था मानतात. (१) ज्वरावस्था : ही दोन ते सात दिवस टिकते. ताप ३९°–४०° से. पर्यंत चढतो, चेहरा लाल होतो, अन्नावरील वासना जाते व उलट्या होतात. (२) निर्णायक अवस्था : तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. याच वेळी काही रुग्णांत केशवाहिन्यांची पार्यता वाढते व त्यांतून रक्तद्रव पाझरू लागतो. ही अवस्था २४ ते ४८ तास टिकते. (३) पुनर्लाभावस्था : पाझरलेला द्रव पुन्हा रक्तात शोषला जातो, भूक लागते व प्रकृती सुधारते.

ताप उतरणे हे सामान्यतः रोग बरा होत असल्याचे चिन्ह समजले जाते. डेंग्यूमध्ये मात्र गंभीर स्वरूपाचा आरंभ बहुधा त्याच दिवशी होतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या वा नाकातून रक्त येणे, अतिशय ग्लानी वा अस्वस्थपणा, यकृताची वाढ आणि छातीत किंवा पोटात पाणी साठणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच रुग्णास रुग्णालयात हलवावे लागते. विलंब झाल्यास रक्तदाब घसरून अवसादाने मृत्यू येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये केलेल्या वर्गीकरणात धोक्याची लक्षणे नसलेला डेंग्यू, ती असलेला डेंग्यू आणि तीव्र डेंग्यू असे तीन वर्ग केले आहेत.

निदान : केवळ लक्षणांवरून डेंग्यू निश्चित ओळखता येत नाही. हिवताप, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसीस, चिकुनगुन्या व इन्फ्ल्यूएंझा या रोगांचा आरंभही असाच होतो. चिकुनगुन्यात सांधेदुखी अधिक तीव्र व दीर्घकाळ टिकणारी असते, तर डेंग्यूत बिंबाणूंची (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या कणांची) घट अधिक दिसते. तथापि दोन्ही विषाणू एकाच डासामार्फत पसरत असल्यामुळे दोन्ही रोग एकाच वेळीही होऊ शकतात.

प्राथमिक तपासणीत दंडाला रक्तदाबमापकाचा पट्टा बांधून आकुंचनी व प्रसारणी रक्तदाबांच्या मध्यावर पाच मिनिटे दाब ठेवतात. त्यानंतर कातडीवर २.५ सेंमी. बाजूच्या चौरसात दहा वा अधिक लाल ठिपके उमटल्यास डेंग्यूचा संशय बळावतो. रक्ततपासणीत श्वेत कोशिका व बिंबाणू यांची घट दिसते. रक्तातील कोशिकांचे घनफळात्मक प्रमाण २० टक्के वा अधिक वाढणे, हे रक्तद्रव पाझरत असल्याचे द्योतक असते. बिंबाणूंच्या संख्येइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व या वाढीस द्यावे लागते.

निश्चित निदानाची पद्धत आजाराच्या दिवसावर अवलंबून असते. पहिल्या पाच दिवसांत रक्तात विषाणू असतो. या काळात त्याचे संवर्धन करून किंवा आरटी-पीसीआर पद्धतीने त्याचे जननिक द्रव्य शोधून निदान करता येते व प्रकारही कळतो. याच काळात विषाणूचे ‘एनएस–१’ हे प्रथिन रक्तात आढळते. ते ओळखणाऱ्या एलायझा चाचणीचा राष्ट्रीय कार्यक्रमात २०१० पासून समावेश करण्यात आला. दुसऱ्या संसर्गात हे प्रथिन लवकर नाहीसे होते. त्यामुळे ज्यांना धोका अधिक, अशा रुग्णांतच ही चाचणी नकारात्मक येण्याचा संभव असतो.

पाचव्या दिवसाच्या सुमारास आयजीएम जातीचे प्रतिपिंड दिसू लागतात व दोन-तीन महिने टिकतात. त्यांच्या शोधासाठी ‘मॅक-एलायझा’ पद्धत वापरतात. तीत तबकडीच्या लहान विवरांच्या तळाशी मानवी आयजीएम पकडून ठेवणारे प्रतिपिंड चिकटविलेले असतात. त्यांवर रुग्णाचा रक्तरस घालतात. रक्तरसातील आयजीएम तळाशी अडकल्यावर डेंग्यूचे प्रतिजन घालतात. आयजीएम डेंग्यूविरोधी असेल, तरच प्रतिजन त्याला चिकटतो. अखेरीस एंझाइमयुक्त द्रव्याने रंग निर्माण करून त्याची तीव्रता मोजतात. या चाचणीचे संच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था तयार करते. राष्ट्रीय कार्यक्रमातील निरीक्षण रुग्णालयांना ते २००७ पासून पुण्याहून पुरविले जाऊ लागले.

पहिल्या संसर्गात आयजीजी जातीचे प्रतिपिंड आठवड्यानंतर सावकाश वाढतात, तर दुसऱ्या संसर्गात ते आरंभीच मोठ्या प्रमाणात असतात. प्रौढांपैकी बहुसंख्यांना पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्या पुण्यासारख्या शहरात नुसते आयजीजी आढळणे, हा चालू आजाराचा पुरावा ठरत नाही. एकच आयजीएम चाचणी सकारात्मक आल्यास ती अलीकडील संसर्ग सुचविते. निश्चितीसाठी दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांची तुलना अधिक विश्वसनीय असते.

पट्टीवर काही मिनिटांत निष्कर्ष देणाऱ्या शीघ्र चाचण्या खाजगी वैद्यकीय व्यवसायात सर्रास वापरल्या जातात. त्यांची अचूकता कमी-अधिक असल्यामुळे राष्ट्रीय कार्यक्रमात अशा रुग्णास ‘संभाव्य’ समजतात व एलायझा चाचणीनंतरच त्याची खातरजमा मानतात. कोणतीही एक चाचणी नकारात्मक आली, तरी तीवरून डेंग्यू नाही असे ठरविता येत नाही. तापाचा कितवा दिवस आहे, हे लक्षात घेऊन दुसरी चाचणी करावी लागते.

निकटच्या विषाणूंमुळेही निदानात गोंधळ होतो. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर येथे जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण आढळला व २०२४ मध्ये पुणे शहरात अनेक रुग्ण नोंदले गेले. झिकाचे प्रतिपिंड डेंग्यूच्या चाचणीतही प्रतिक्रिया देऊ शकतात. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा असतो, कारण झिकामुळे गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते.

चिकित्सा : डेंग्यूच्या विषाणूवर विशिष्ट औषध नाही. विश्रांती, भरपूर पेये आणि तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल हे सौम्य रोगातील उपाय होत. अ‍ॅस्पिरीन, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे रक्तस्राव वाढवीत असल्यामुळे वर्ज्य आहेत. धोक्याची लक्षणे असल्यास शिरेवाटे मोजून द्रव देतात. निर्णायक अवस्था संपल्यावरही द्रव चालू ठेवल्यास तो फुप्फुसांत साठून अपाय होतो. रक्तस्राव नसताना केवळ संख्या घटली म्हणून बिंबाणू देण्याने लाभ होत नाही. वेळीच व काळजीपूर्वक केलेल्या द्रवचिकित्सेने तीव्र डेंग्यूतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याहून कमी ठेवता येते.

प्रतिबंध : डासांची उत्पत्ती रोखणे हा मुख्य उपाय होय. अंड्यापासून डास होण्यास किमान सात दिवस लागत असल्यामुळे आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळतात. घासल्याशिवाय कडेची अंडी निघत नाहीत. रिकामे करता न येणारे हौद घट्ट झाकतात, त्यांत गप्पी मासे सोडतात किंवा टेमीफॉस घालतात. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, पण अंडी व अळ्या शिल्लक राहतात. म्हणून तिचा परिणाम तात्पुरता असतो. दिवसा अंगभर कपडे घालणे व रुग्णास ज्वरावस्थेत दिवसाही मच्छरदाणीत ठेवणे इष्ट असते.

चारही प्रकारांविरुद्ध सारखेच संरक्षण देणारी लस तयार करणे कठीण ठरले आहे. डेंग्व्हॅक्सिया या लसीला प्रथम २०१५ मध्ये मेक्सिकोत मान्यता मिळाली. परंतु पूर्वी संसर्ग न झालेल्या मुलांत ती दिल्यास पुढील आजार गंभीर होऊ शकतो, असे २०१७ मध्ये निष्पन्न झाले. अशी लस वापरण्यापूर्वी मुलांतील पूर्वसंसर्गाचे प्रमाण माहीत असणे आवश्यक असते व पुण्यातील पाहणीप्रमाणे १० ते १२ वर्षांच्या सु. ४० टक्के मुलांना तोवर संसर्ग झालेला नव्हता. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व पॅनॅसिया बायोटेक यांनी एका मात्रेच्या देशी लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली. लस उपलब्ध झाली, तरी त्याच डासामार्फत चिकुनगुन्या व झिका हे रोगही पसरत असल्यामुळे घरातील साठवणीच्या पाण्यावरील नियंत्रणाचे महत्त्व कमी होत नाही.